खड्ड्यांचे 'साम्राज्य' म्हणू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा सुरू झाला की स्थानिक बातम्यांच्या पानावर काही मथळे हमखास दिसू लागतात : 'बसस्थानक परिसरात चिखलाचे साम्राज्य', 'उपनगरांत खड्ड्यांचे साम्राज्य', 'मंडईत दुर्गंधीचे साम्राज्य'. हा प्रयोग आपल्या वृत्तपत्राने सोडावा, अशी कळकळीची विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

साम्राज्य म्हटले की सम्राट आला. 'सम्राज्' हा शब्द ऋग्वेदाइतका जुना. तिथे तो वरुणाला लावला आहे. ऋताचे, म्हणजे विश्वाच्या नियमाचे, रक्षण करणारा, चुकणाऱ्याला पाशात धरणारा असा तो देव. पुढे शतपथ ब्राह्मण सांगते की राजसूय यज्ञ केल्याने राजा होतो आणि वाजपेय यज्ञ केल्याने सम्राट. अमरकोशाचे मत थोडे वेगळे आहे : ज्याने राजसूय केला, जो राजमंडलाचा स्वामी आहे आणि ज्याची आज्ञा इतर राजांवर चालते तो सम्राट. यज्ञ कोणता याबद्दल एकमत नसेल, पण आज्ञा देणारा कोणीतरी आहे आणि ती पाळली जाते, हे या शब्दाच्या गाभ्यातच आहे.

गणपतीत घरोघरी मंत्रपुष्पांजली म्हणताना आपण 'साम्राज्यं भौज्यं स्वाराज्यं वैराज्यं' असे एका दमात म्हणून जातो. हे शब्द ऐतरेय ब्राह्मणातले. तिथे ते नुसती पुनरुक्ती म्हणून आलेले नाहीत. पूर्वेकडच्या राजांना साम्राज्यासाठी अभिषेक होतो, दक्षिणेकडच्या सत्वतांना भौज्यासाठी, पश्चिमेकडे स्वाराज्यासाठी, उत्तरकुरू-उत्तरमद्रांकडे वैराज्यासाठी, आणि मधल्या कुरुपांचालांत नुसत्या राज्यासाठी. सत्तेच्या प्रकारांना इतकी नेमकी नावे देणारी परंपरा आपली आहे. पुढे मगधाचा उदय पूर्वेकडेच झाला, हेही लक्षात घेण्याजोगे. त्याच मगधाच्या अशोकाला आपण सर्रास 'सम्राट' म्हणतो, पण स्वतःच्या लेखांत तो 'देवानांप्रिय प्रियदर्शी राजा' एवढेच म्हणवून घेतो. त्याच्या एका लेखाचा तुकडा आपल्या नालासोपाऱ्यातही 1882 मध्ये सापडला.

इंग्रजी अमलात हा शब्द पुन्हा जिवंत झाला तो वेगळ्या अर्थाने. 1 जानेवारी 1877 रोजी दिल्लीत दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीला 'कैसर-ए-हिंद', म्हणजे हिंदुस्थानची सम्राज्ञी, जाहीर केले गेले. तेव्हा दख्खनमध्ये दुष्काळाने माणसे मरत होती. त्या दरबाराला पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या वतीने गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, हाताने कातलेल्या सुताचे कपडे घालून गेले आणि हिंदी प्रजेला ब्रिटिश प्रजेइतकाच दर्जा द्यावा, अशी मागणी करणारे मानपत्र सभेने दिले. मला या प्रसंगात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. त्या माणसांसमोर साम्राज्य होते, म्हणून मागणी कोणाकडे करायची हे त्यांना ठाऊक होते. पुढे वसाहतीच्या स्वराज्यावर समाधान मानायचे की पूर्ण स्वराज्य मागायचे हा वाद झाला, 1929 मध्ये काँग्रेसच्या लाहोर अधिवेशनात पूर्ण स्वराज्याच्या बाजूने त्याचा निकाल लागला. त्या वादातही समोरची सत्ता कोण, याबद्दल कोणाच्या मनात शंका नव्हती.

खड्ड्यांच्या 'साम्राज्या'त मागणी कोणाकडे करायची? खड्डा हुकूम सोडत नाही. रस्त्याचे काम कोणीतरी केलेले असते, कोणीतरी तपासून बिल मंजूर केलेले असते, डागडुजीची जबाबदारी कोणत्या तरी विभागाची असते. 'खड्ड्यांचे साम्राज्य पसरले' असे छापले की सगळे कर्ते वाक्यातून निघून जातात आणि खड्डे आपोआप उगवल्यासारखे वाटतात. कचऱ्याचेही तेच. तो कोणी उचलला नाही, एवढे एक वाक्य त्या मथळ्यात मावत नाही.

'वाळूमाफियांचे साम्राज्य' याला माझी हरकत नाही. तिथे हुकूम चालतो, हप्ते गोळा होतात, दहशत असते; शब्द अगदी चपखल बसतो. कवीने रात्रीच्या शांततेचे साम्राज्य म्हटले तरी चालेल, कारण शांततेबद्दल कोणाला जाब विचारायचा नसतो. प्रश्न आहे तो नगरपालिका, महापालिका, सार्वजनिक बांधकाम विभाग यांच्या कामाच्या बातम्यांचा.

तेव्हा आपल्या वार्ताहरांना एवढे सांगावे : रस्त्याचे नाव द्या, तो कोणाच्या अखत्यारीत आहे ते द्या, शेवटची दुरुस्ती कधी झाली आणि ठेका कोणाकडे होता ते विचारून छापा. 'अमुक प्रभागात चार दिवस कचरा उचललेला नाही' हा मथळा साधा आहे, पण तो वाचून निदान संबंधित अधिकाऱ्याला फोन तरी करता येतो.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सांगली