सोंदूर नसलेली मोट

महोदय,

जागतिक वारसा दिनाच्या (१८ एप्रिल) निमित्ताने आमच्या भागातल्या एका मंडळाने जुन्या गावजीवनाचं प्रदर्शन भरवलं होतं. नातवाला घेऊन गेलो. माझं लहानपण सिन्नरच्या कोरडवाहू पट्ट्यातलं, बैलांनी विहिरीचं पाणी ओढायची मोट मी स्वतः हाकलेली, त्यामुळे उत्साह नातवापेक्षा मलाच.

दारातच मोट टांगलेली, झेंडूच्या माळा वगैरे घालून. पण दोर एकच! मोटेला दोन दोर लागतात. जाड नाडा तोंडाला आणि बारीक सोंदूर सोंडेला, म्हणजे मोटेच्या खालच्या निमुळत्या नळीला. मोट वर येताना सोंदूर सोंड उचलून धरतो, म्हणून पाणी थारोळ्यापर्यंत, म्हणजे काठावरच्या कुंडापर्यंत पोचतं. तो नसेल तर सगळं पाणी परत विहिरीत. कार्यकर्त्याला सांगितलं, तर म्हणाला, ‘काका, फोटोत नाही कळत.’

मंचावर नऊवारीतल्या मुली रिकामं जातं फिरवत होत्या. (रिकामं जातं फिरवलं म्हणून आईने माझ्या पाठीत धपाटा घातलेला आहे.) ज्याच्या हातात खरंच काम होतं असा माणूस एकच, घोंगडी विणणारे एक बाबा. त्यांना बसवलं होतं पार्किंगच्या कडेला, जनरेटरशेजारी.

‘वास कसला येतो?’ नातवाने विचारलं. चिंचोक्याची खळ होती. बाबांनी कुंचा सरळ त्याच्या हातात दिला. खळीने लोकरीचा धागा ताठ होतो, विणताना तुटत नाही, हे त्याला ताण्यावर (मागाच्या उभ्या धाग्यांवर) कुंचा फिरवतानाच समजलं. पोरगं पाऊण तास हललं नाही. शेवटी बाबांनी त्याच्या डोक्यावर घोंगडीची खोळ करून दिली, मेंढपाळ पावसात घेतात तशी. घोंगडीचा काळा रंग दख्खनी मेंढीच्या लोकरीचाच, वरून दिलेला नाही, हेही तिथेच कळलं. माइकवरून यातलं काही कुणी सांगितलं नाही.

तेवढ्यात एक बाई भाव पाडू लागल्या, ‘ऑनलाइन ब्लँकेट निम्म्यात येतं.’ बाबा नुसते हसले. मंडळाने काय दिलं म्हणून विचारलं, तर नारळ आणि जेवणाचं कुपन. निवेदकाला मात्र पाकीट.

पुढच्या वर्षी बाबांचा माग मांडवाच्या मध्यात लावा आणि त्यांची दिवसाची मजुरी आधी हातात ठेवा. सोंदूर मी बांधून देईन. फक्त आदल्या दिवशी बोलवा आणि शिडीवर चढायला एखादं पोरगं द्या, माझे गुडघे आता ऐकत नाहीत.

– एक ज्येष्ठ वाचक, पंचवटी, नाशिक