भट्टीतलं लाल लोखंड

चि. चिमे,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू पेटीतल्या मांजराचं विचारलंस, एकाच वेळी जिवंत आणि मेलेलं. रेंज गेली ते बरंच झालं, मला उत्तर सुचत नव्हतं. मांजर राहू दे, ते क्वांटमच्या शास्त्रातलं फार पुढचं कोडं. क्वांटमची सुरुवात तापलेल्या वस्तूच्या उजेडापासून झाली, आणि तो उजेड तू पाळण्यात होतीस तेव्हापासून बघतेस.

मृग आठ दिवसांवर आलाय. दारात वखराच्या पाशींचा ढीग पडलाय, भट्टी सकाळपासून पेटलेली. आठवतं, आजोबा भर दुपारी शेडच्या दाराला पोतं टांगायचे? लोकांना वाटे उन्हासाठी. ते रंगासाठी होतं. उजेडात लोखंडाचा रंग कळत नाही. "लाल झालं का मार, पांढरं होऊ देऊ नोको," असं मला ओरडायचे.

आता सांग, आधी लालच काऊन? मग नारिंगी, पिवळं, पांढरं. आधी निळं कधीच का नाही?

सव्वाशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न मोठमोठ्या लोकांना अडला होता. त्यांच्या हिशेबात प्रत्येक रंगाच्या लाटेला उष्णतेचा सारखा वाटा मिळायचा. पण निळ्याच्या पलीकडे, डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक लाटांना अंतच नाही. म्हणजे तापलेल्या लोखंडातून त्यांचा नुसता लोंढा यायला हवा. तसं असतं तर भट्टीपुढे कोणी उभा राहिला असता का?

१४ डिसेंबर १९०० रोजी बर्लिनमध्ये माक्स प्लांक या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने तोड मांडली. वस्तू ऊर्जा सुटी देत-घेत नाही, थैलीनं देते. त्या थैलीलाच क्वांटम म्हणतात. कृषी केंद्रात कपाशीचं बियाणं मागून बघ. खिशात पाचशेच असले तर दुकानदार थैली फोडून पाचशेचं देतो का? रंगांचंही तसंच. लालची थैली लहान, निळ्याची साधारण दीडपट. लोखंड थोडं तापलं की त्याच्या ऐपतीत लालच बसतो, निळा क्वचित. ताव वाढला की मोठ्या थैल्याही सुटतात, आणि सगळे रंग मिसळून पांढरं दिसतं. प्लांकला स्वतःलाही हे फारसं पटलं नव्हतं, पण हिशेब जुळला.

अमरावतीला बी. एस्सी.ला हे सूत्र मी फळ्यावरून उतरवून घेतलं, मार्कही मिळवले. ते आपल्याच भट्टीबद्दल आहे हे दोन वर्षांनी कळलं, हातात सांडशी असताना. अजून त्याचा राग येतो.

पुढे १९०५ साली आइन्स्टाइन म्हणाला, उजेड स्वतःच थैल्यांचा आहे. वावरातल्या सोलर पंपाच्या पाट्या त्यावरच चालतात, एकेक थैली एकेका इलेक्ट्रॉनला हलवते. आणि १९२४ साली ढाक्यात शिकवणाऱ्या सत्येंद्रनाथ बोसांनी प्लांकचं तेच सूत्र नव्या वाटेनं काढून लेख थेट आइन्स्टाइनला धाडला. त्यानं स्वतः जर्मनमध्ये उतरवून तो छापवला. तेव्हा बोस तिशीत होते.

दिवाळीत येशील तेव्हा एक जुनी सीडी आण. रात्री दिवे बंद करून तापल्या लोखंडाचा उजेड तिच्यावर घेऊ. आधी लाल पट्टी दिसेल, निळ्याची जागा काळी. मी भाता मारतो, निळं केव्हा उगवतं ते तू सांग.

तुझा,
बाबा