मॅट वार्निशचा जाड हात नको

मा. संपादक,
स. न.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला मिग-२१ विमाने हवाई दलातून निवृत्त झाली. त्या निमित्ताने आपल्या पुरवणीत प्लॅस्टिकच्या स्केल मॉडेलवर आलेला मजकूर चांगला होता. मात्र सगळे रंगकाम झाल्यावर मॅट, म्हणजे बिनचमकीच्या, वार्निशचा जाडसर हात द्यावा, हा त्यातला सल्ला नवख्यांचे मॉडेल हमखास बिघडवील, म्हणून हे पत्र.

१:७२ प्रमाणातले विमान फूटभर अंतरावरून पाहणे म्हणजे खरे विमान ७२ फुटांवरून पाहणे. तेवढ्या अंतरावरून लढाऊ विमानाचा करडा रंग तुकतुकीत दिसत नाही. मॉडेलवर ट्यूबलाइटची रेघ चमकली की ते लगेच खेळणे वाटते. ही चकाकी घालवायची तर पृष्ठभाग अतिशय बारीक खडबडीत व्हावा लागतो. गेरूने रंगवलेली कुंडी चमकत नाही, ऑइल पेंटचे दार चमकते, त्यामागचे कारण हेच. मॅट रंगात आणि वार्निशमध्ये सिलिकासारखी बारीक पूड असते. थर वाळून आकसला की तिचे कण वर डोकावतात आणि प्रकाश चहूकडे विखुरतो. जाड थरात ते कुठे बुडतात, कुठे साचतात. बुडाले तिथे चमक राहते, साचले तिथे पांढुरके डाग पडतात.

ही पूड बाटलीच्या तळाशी साक्यासारखी बसते. निम्म्या तक्रारींचे मूळ तिथेच असते. बाटली नुसती हलवून भागत नाही, शिवाय बुडबुडे होतात. चपट्या काडीने तळ खरवडत दोन-तीन मिनिटे ढवळावे. साका वर न आणता वापरले तर सुरुवातीचे मॉडेल चमकते आणि बाटली संपत आली की शेवटचे पिठाळ होते. स्प्रे कॅन आतली गोळी वाजू लागल्यावरही पूर्ण मिनिटभर हलवावा. थंडीत तो कोमट पाण्यात पाच मिनिटे ठेवावा. गरम पाण्यात किंवा आचेजवळ कधीही नाही.

तामिया या जपानी मॉडेल कंपनीच्या रंगांत ‘एक्स’ म्हणजे ग्लॉस (चकचकीत), ‘एक्सएफ’ म्हणजे मॅट. एक्स-२१ फ्लॅट बेस हे तयार वार्निश नव्हे, ते चमक घालवण्यासाठी रंगात मिसळायचे द्रावण आहे. ते थेट मॉडेलवर लावले की मीठ फुटलेल्या भिंतीसारखे दिसते. १० भाग ग्लॉस रंगाला १ भाग फ्लॅट बेस इथून सुरुवात करून टाकाऊ प्लॅस्टिकवर पाहावे. ४ भागांना १ याच्या पुढे जाऊ नये. ही खटपट नको असेल तर एक्सएफ-८६ हे तयार मॅट क्लिअर मिळते.

एअरब्रशसाठी (हवेच्या दाबाने रंग फवारणारे पेनासारखे साधन) १ भाग मॅट क्लिअरला १ ते दीड भाग थिनर, १५ ते २० पीएसआय दाब आणि १० ते १५ सेंमी अंतर ठेवावे. पहिला हात इतका विरळ असावा की काही बदललेच नाही असे वाटावे. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा, लागलाच तर तिसरा. प्रत्येक हात पडताना किंचित ओला दिसला पाहिजे. अंतर जास्त झाले किंवा हवा कोरडी असली, उदाहरणार्थ एप्रिल-मेमधल्या दुपारी, तर थेंब वाटेतच वाळतात आणि पृष्ठभाग सॅंडपेपरसारखा होतो. हाताला खरखर लागते, ती मॅट नव्हे. अशा दिवसांत रिटार्डरचे, म्हणजे रंग सावकाश वाळवणाऱ्या द्रवाचे, दोन-चार थेंब घालावेत किंवा सकाळी लवकर फवारावे.

पावसाळ्यात उलटे होते. लॅकर वार्निशमधले द्रावक भराभर उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतली वाफ त्यावर जमते आणि थर दुधाळ होतो. जून ते सप्टेंबर कोकणात, मुंबईत आर्द्रता सहज ८० टक्क्यांवर असते. अशा दिवशी लॅकरचा कॅन उघडूच नये. हायग्रोमीटरने (आर्द्रतामापकाने) ६५ टक्क्यांच्या खाली दाखवले तर फवारावे, नाहीतर पाण्यावर आधारित मॅट वार्निश वापरावे. थर दुधाळ झालाच तर घाबरून खरवडू नये. पूर्ण वाळल्यावर कोरड्या दिवशी ग्लॉसचा पातळ हात द्यावा. बहुतेक वेळा पांढरेपणा जातो. मग पुन्हा विरळ मॅट.

डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची खुणा-आकड्यांची पातळ चित्रे, कधीही मॅट रंगावर चिकटवू नयेत. खडबडीत पृष्ठभागावर डिकलच्या पापुद्र्याखाली हवा अडकते आणि कडेने चंदेरी झाक येते. वरून कितीही मॅट मारले तरी ती लपत नाही. क्रम असा: रंग, ग्लॉस क्लिअर, एक दिवस थांबून डिकल, ते वाळल्यावर पाण्याच्या ओल्या बोळ्याने डिकलच्या द्रावणाचे डाग पुसणे, आणि मग मॅट.

ब्रशने रंगवणाऱ्यांनी अर्धवट वाळलेल्या मॅट रंगावरून ब्रश पुन्हा फिरवू नये, तिथे चमकता पट्टा उठतो. मॅट थरावर बोटांचे तेलही पटकन दिसते आणि घासून कडा चकाकू लागतात. काम सुरू करण्याआधी सुटे भाग भांडी धुण्याच्या सौम्य साबणाने धुवावेत, नंतर मॉडेल चाकांना धरून उचलावे.

मॅटखाली गडद रंग फिकटतात. काळा पाटा ओला असतो तेव्हा काळाभोर, वाळला की करडा, तसेच. म्हणून गडद छटा अर्धी पायरी गडदच निवडावी.

आणि सगळेच मॅट करायचे नसते. १९६० च्या दशकातले उघड्या धातूचे मिग-२१ करत असाल तर मॅट वार्निश त्याला प्रायमर मारल्यासारखे करून टाकील. हवाई कसरती करणाऱ्या सूर्यकिरण पथकाची लाल-पांढरी हॉक विमाने तुकतुकीतच हवीत. टायर मात्र प्रत्येक मॉडेलचे मॅट. कॅनोपीवर, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरच्या पारदर्शक झाकणावर, मॅटचा शिंतोडाही उडाला तर काच धुरकट होते. ती मास्किंग टेपने पूर्ण झाकावी, नाहीतर शेवटच्या फवाऱ्यानंतरच बसवावी.

आपला,
एक वाचक, पुणे