मेस्त्रीकाका, तुम्ही आधी हात धुतलेत

तीर्थस्वरूप मेस्त्रीकाकांस,
सादर नमस्कार.

तोंडावर कुणी आभार मानलेले तुम्हाला चालत नाहीत. गणपतीसाठी गावी निघालात त्या रात्री मी मुद्दाम खाली आले होते. ‘काका, तुमच्यामुळे...’ एवढंच म्हणाले, तर तुम्ही लगेच चवथीच्या भाज्यांवर घसरलात. म्हणून आता चारचौघांसमोर लिहिते. नात वाचून दाखवेल तेव्हा मधेच उठून जाऊ नका.

इतरांसाठी थोडं आधीचं सांगते. मी डोंबिवलीत राहते, फोर्टातल्या एका ऑफिसात नोकरी करते आणि उरलेल्या वेळात लेगोच्या ठोकळ्यांतून जुन्या इमारती आणि शिडाची लढाऊ जहाजं करते. तयार खोक्यातली नव्हे. नकाशे, फोटो, मापं जमवायची, कागदावर चौकटी आखायच्या आणि सुटे, वापरलेले ठोकळे किलोवर विकत घेऊन त्यातून रंग निवडत बसायचं, असं हे काम. पहिलं मोठं काम आपल्या व्हीटीचं केलं. आता सीएसएमटी म्हणतात, पण माझ्या आईच्या तोंडी अजून व्हीटीच आहे. रोज सकाळी मी त्या घुमटाखालून जाते. तो घुमट अष्टकोनी, आणि ठोकळे सगळे चौकोनी. आठ बाजू जुळवायला मला पाच महिने लागले. शेवटी सुटलं ते शाळेतल्या पायथागोरसने. ५ आणि ५ बाजूंच्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण ७.०७ येतो, म्हणजे जवळजवळ ७. तेवढा फरक बिजागरीचे तुकडे पोटात घेतात. त्या रात्री मी आनंदाने रडले होते.

त्यानंतर जहाज घेतलं. ‘ट्रिंकोमाली’.

हे जहाज मुंबईत बांधलं गेलं, हे अजूनही कितीतरी मुंबईकरांना माहीत नाही आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. नेपोलियनशी चाललेल्या लढायांत इंग्लंडमधलं ओकचं लाकूड संपत आलं, तेव्हा त्यांच्या नौदलाने मुंबईच्या गोदीत जहाजं बांधून घ्यायला सुरुवात केली. मलबारचा साग, आणि जमशेटजी बमनजी वाडियांच्या हाताखालचे कारागीर. जहाजाचा कणा म्हणजे पठाण बसवताना पारशी रिवाजाप्रमाणे तिच्यात चांदीचा खिळा ठोकला होता. १२ ऑक्टोबर १८१७ ला ते पाण्यात उतरलं आणि आज, दोनशे वर्षं उलटून गेल्यावर, इंग्लंडमध्ये हार्टलपूलच्या धक्क्याला तरंगतं आहे. ब्रिटनच्या लढाऊ जहाजांपैकी पाण्यावर असलेलं हे सर्वांत जुनं. नेल्सनचं ‘व्हिक्टरी’ त्याहून जुनं, पण ते कोरड्या गोदीत आहे. आपल्या सागाचं जहाज अजून पाण्यात आहे.

मी ते शंभरास एक या मापात करायला घेतलं. तोफांचा मजला साधारण १५० फूट लांब, म्हणजे माझ्याकडे ५७ स्टड. स्टड म्हणजे ठोकळ्यावरचा गोल उंचवटा, त्यांवरच मी लांबी मोजते. रुंदी ४० फूट, म्हणजे १५ स्टड. त्या मजल्यावर एकेका बाजूला १४ तोफा, तेव्हा साधारण दर ४ स्टडला एक झरोका. हे गणित इतकं सुंदर जमलं की मला वाटलं, जहाज स्वतःच होकार देतंय. दीड वर्ष गेलं. मग एका प्रदर्शनाचं बोलावणं आलं.

त्या प्रदर्शनाचं नाव लिहीत नाही. जे झालं ते लिहिते. मी व्हीटी आणि ट्रिंकोमाली दोन्ही नेली. काचेची पेटी देतो म्हणाले होते, दिली नाही. दोरी लावा म्हटलं, ‘बघू’ म्हणाले. रविवारी दुपारी मला तासभर घरी यावं लागलं. परत गेले तर दोन्ही कामं लहान मुलांच्या खेळायच्या टेबलावर होती. मुलांचा काही दोष नाही. समोर ठोकळे ठेवल्यावर मुलं ते काढणारच. संध्याकाळी आयोजकांनी दोन पिशव्या माझ्या हातात दिल्या आणि म्हणाले, ‘परत जोडता येतात ना? मग काय झालं?’

मग काय झालं! हे वाक्य मी आजपर्यंत विसरलेली नाही. विसरणारही नाही.

तिथे झाडलोट करणाऱ्या एका ताईंनी मात्र मला जिन्यात गाठलं आणि रुमालाची गाठ सोडून एक इवलीशी पांढरी बाहुली दिली. व्हीटीच्या घुमटावरची प्रगतीची मूर्ती, एका हातात मशाल, दुसऱ्या हातात चाक. केरात सापडली म्हणाल्या, ‘कुणाचीतरी देवी दिसली म्हणून बाजूला ठेवली.’ त्या ताईंचं नाव विचारायचंही मला तेव्हा सुचलं नाही.

पुढचे चार महिने पिशव्या पलंगाखाली होत्या. एका जाणकारांना पत्र लिहून जहाजाच्या तळाच्या वळणाबद्दल विचारलं होतं, त्यांनी कळवलं की खेळण्यांसाठी त्यांच्याकडे वेळ नाही. घरी येणारे नातेवाईक म्हणत, इंग्रजांची जहाजं कशाला करतेस, महाराजांच्या आरमारातलं गुराब कर की. करणार आहे मी गुराब. पण ज्या जहाजाच्या लाकडाला आपल्याकडच्या सुतारांचे हात लागलेत आणि जे आजही मोजता येतं, ते परकं कसं? असो. तेव्हा मला कुणालाच उत्तर द्यायची ताकद नव्हती.

आणि मग तुम्ही पाण्याच्या टाकीची चावी मागायला वर आलात.

त्या दिवशी मी पिशव्या टाकून द्यायला बाहेर काढल्या होत्या. एकीतून अर्धा मोडलेला काळा-पिवळा तुकडा वर आला होता, झरोक्यांच्या ओळीसकट. तुम्ही दारातच थांबलात. काय आहे, कितीला पडलं, मुलांसाठी आहे का, यातलं काही विचारलं नाहीत. ‘मोरी खंय?’ एवढंच विचारलंत. आत गेलात, साबण लावून हात धुतलेत, खांद्यावरच्या पंच्याला बोटं एकेक करून पुसलीत, नखांच्या कडासुद्धा. मग जमिनीवर मांडी घालून बसलात आणि म्हणालात, ‘आता दी हंय.’

काका, तुम्हाला ते आठवतही नसेल. तुमच्यासाठी ती रोजची सवय. ३४ वर्षं गोदीत सुतारकाम केलेल्या माणसाने कामाला हात लावण्याआधी हात धुतले, त्यात काय विशेष! पण त्या दोन पिशव्यांना त्याआधी कितीजणांनी हात लावला होता ते मला माहीत होतं. बटाटेवडा खाऊन लावला होता. बोलता बोलता लावला होता. तुम्ही हात पुसत होतात तेव्हा मी मागे उभी होते आणि मला हुंदका आवरत नव्हता, म्हणून मी चहा टाकायला गेले. चहात साखर घालायची राहिली. तुम्ही तो तसाच प्यालात.

परत आले तेव्हा तुम्ही तो तुकडा डोळ्यांसमोर आडवा धरून एका कडेने बघत होतात. पहिला प्रश्न आला, ‘पठाण खंय आसा?’ मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं की तुम्ही जहाजाचा कणा मागताय. तोपर्यंत मला सगळ्यांनी शिडांबद्दल विचारलं होतं. तळाबद्दल विचारणारे पहिले तुम्ही. मी चाचरत म्हटलं, ‘काका, हे खेळण्यातल्या ठोकळ्यांचं आहे.’ तुम्ही मान वर न करता म्हणालात, ‘ह्या खेळणा नाय गो, बाय. ह्या जहाज आसा.’

नंतर तुम्ही डोळे मिटून तळहात नाळेपासून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकापासून, मागे सावकाश फिरवलात. मधल्या तोफांच्या थोडं पुढे हात थांबला. ‘हंय पाणी घुटमळतला.’ मी वाकून बघितलं, मला काहीच दिसलं नाही. तुम्ही माझा हात धरून तिथे ठेवलात. होता खरा, लेगोच्या एका पातळ पट्टीएवढा, ३.२ मिलिमीटरचा उंचवटा. दीड वर्ष माझ्या डोळ्यांना न दिसलेला. तुम्ही म्हणालात, वळण डोळ्याला फसवतं, हाताला फसवता येत नाही.

त्यानंतरचे अकरा रविवार मी मोजलेत. तुम्ही मला तळ पायऱ्या-पायऱ्यांनी रचणं सोडायला लावलंत. जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांचे अकरा साचे कापलेत, नाळेपासून मागपर्यंत. त्यावर बांबूची कामटी वाकवून धरलीत. कामटी जिथे साच्याला टेकत नव्हती तिथे पुठ्ठा वाढवायचा, जिथे उचलली जात होती तिथे कातरायचा. एक रविवार तर आपण एकही ठोकळा न लावता नुसती कामटी वाकवत बसलो. मग मी पट्ट्या आडव्या करून, स्टड बाहेरच्या बाजूला ठेवून, बिजागऱ्यांवर टांगल्या. पाच पट्ट्यांची जाडी बरोबर दोन स्टडएवढी भरते, दोन्ही १६ मिलिमीटर. हे मी सांगितल्यावर तुम्ही फूटपट्टी मागून स्वतः मोजून बघितलंत आणि म्हणालात, ज्याने हे काढलं त्याला मोजमाप कळतं. तुमच्याकडून याहून मोठी शाबासकी मी कधी ऐकलेली नाही.

मधे एका रविवारी मी फार खचले होते. तेव्हा तुम्हाला ट्रिंकोमालीच्या नकाशांची गोष्ट सांगितली. जहाज बांधायचं ठरलं, नकाशे ‘जावा’ नावाच्या जहाजातून मुंबईला निघाले. डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने त्या जहाजाला गाठलं, जावा गेलं, त्यासोबत नकाशेही गेले. पुन्हा नवे नकाशे काढून पाठवावे लागले. मग कुठे १८१६ मध्ये बांधकाम सुरू झालं. तुम्ही हातातली कामटी खाली ठेवलीत, माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, ‘मगे? ताचीय पयली खेप बुडलीच ना?’ आणि पुन्हा कामाला लागलात. माझ्या पिशव्यांबद्दल तुम्ही मला केलेलं सांत्वन एवढंच. मला ते पुरलं.

विजयदुर्गाजवळचं तुमचं गाव, लहानपणी आंग्र्यांच्या जुन्या गोदीकडे पोहायला जायचात ते, हे सगळं तुम्ही त्या रविवारांत थोडं थोडं सांगितलंत. वाघोटणच्या खाडीतल्या त्या दगडी गोदीत मराठ्यांची जहाजं दुरुस्त व्हायची आणि तिथला मुलगा पुढे मुंबईत त्याच गोदीत कामाला लागला जिथे वाडियांनी जहाजं बांधली. इंग्रजांचं जहाज की आपलं, हा प्रश्न तुम्हाला एकदाही पडला नाही. तुम्हाला फक्त कोणत्या फळीला कुठे ताण येतो हे बघायचं होतं.

मी अलीकडे माणसं अशीच बघायला लागले आहे. दुसऱ्याच्या कामाला कोण कसा हात लावतो ते. परवा तळाचा मधला भाग खोक्यात घालून सीएसएमटीहून घरी नेत होते, कारण काही बिजागऱ्या ऑफिसात बसून बदलल्या होत्या. लेडीज डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. एका मावशींनी विचारलं, नाजूक आहे का? मी हो म्हटलं. त्यांनी स्वतःची पिशवी मांडीवरून खाली घेतली आणि खोकं मांडीवर ठेवलं. ठाण्यापर्यंत दोन्ही हात खोक्याभोवती. मुंब्र्याला उतरताना शेजारणीला म्हणाल्या, ‘हिचं नाजूक आहे हं, नीट धर.’ आत काय आहे ते त्यांनी विचारलं नाही. अशी माणसं आहेत, काका, खूप आहेत. रुमालात मूर्ती बांधून ठेवणाऱ्या ताई आहेत. ‘परत जोडता येतात ना’ म्हणणारे संख्येने जास्त नसतात, ते फक्त टेबलाच्या पुढच्या बाजूला उभे असतात.

आता कामाचं. तळ पूर्ण झाला. तुमच्यासारखे डोळे मिटून मी रोज हात फिरवते, आता कुठेही अडकत नाही. दोन्ही बाजूंचे झरोके लागले, सुकाणू लागलं. पठाणीच्या पहिल्या पट्टीत, तुम्ही सांगितलंत तिथे, आईच्या तुटलेल्या पैंजणाचा चांदीचा तुकडा बसवलाय. तो आता बाहेरून दिसत नाही. तुम्हाला आणि मला माहीत आहे, पुरे. व्हीटीचा घुमटही पुन्हा उभा राहिला आणि त्यावर त्या ताईंनी वाचवलेली मूर्ती तीच आहे, नवी घेतली नाही.

तिन्ही डोलकाठ्या मात्र अजून बाजूला ठेवल्या आहेत, दोरही तुमच्यासारखे मला गाठता येत नाहीत. तुम्ही दसरा करून येणार म्हणालात. १२ ऑक्टोबरच्या आत आलात तर त्याच दिवशी उभ्या करू. नाही जमलं तर तुम्ही याल त्या रविवारी. घाई नाही. तोवर मोरीत नवा साबण काढून ठेवलाय आणि खुंटीवर धुतलेला पंचा आहे.

तुमची,
चौथ्या मजल्यावरची बाय