लेचुगियाचं दार बंद का असावं

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचलं आणि एका वाक्यापाशी अडकलो. लेचुगिया गुहेबद्दल तू लिहिलंस, ‘जे कुणाला बघताच येत नाही, ते सुंदर असून उपयोग काय?’ निदान एखादी छोटी वाट तरी लोकांसाठी उघडावी, असं तुझं म्हणणं. फोनवर हे धड सांगता आलं नसतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

ती सापडली कशी ते आधी ऐक. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातल्या ग्वादलुपे पर्वतात, कार्ल्सबाड कॅव्हर्न्स राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत एक साधा खड्डा होता. १९१४ मध्ये तिथून खतासाठी वटवाघळांची विष्ठा काढली गेली, त्यापलीकडे त्याला कुणी महत्त्व दिलं नाही. तळाशी दगडमातीचा ढीग आणि वाट बंद. पण १९५०च्या दशकात गुहा धुंडाळणाऱ्या काही जणांना त्या ढिगाखालून वारा घोंघावताना ऐकू आला. बाहेर हवेचा दाब उतरला की गुहेतली हवा बाहेर येते, दाब चढला की आत ओढली जाते. पोकळी जितकी मोठी, तितका वारा जोरकस. म्हणजे खाली काहीतरी प्रचंड आहे हे त्यांनी नुसत्या आवाजावरून ओळखलं. खणायची परवानगी मिळायला मात्र १९८४ उजाडलं, आणि २६ मे १९८६ला वाट मोकळी झाली. आजवर २४० किलोमीटरहून जास्त लांबीची भुयारं मोजून झालीत, खोली ४८९ मीटर. मोजणी अजून चालूच आहे.

ही गुहा झाली तीही उलट्या दिशेनं, आणि मला सगळ्यात ओढ त्याचीच आहे. बहुतेक चुनखडीच्या गुहा वरून मुरणाऱ्या पावसाच्या किंचित आम्लधर्मी पाण्यानं कोरल्या जातात. इथं शेजारच्या खोऱ्यातल्या खनिज तेलाच्या साठ्यांमधून हायड्रोजन सल्फाइड वायू वर चढत आला, प्राणवायू असलेल्या पाण्याला भेटला आणि त्याचं गंधकाम्ल झालं. त्या जहाल आम्लानं डोंगर आतून खाल्ला, चाळीस ते साठ लाख वर्षांपूर्वी. चुनखडीवर गंधकाम्ल पडलं की जिप्सम हे मऊ, पांढरं खनिज तयार होतं, म्हणून तिथं जिप्समचे ढीगच्या ढीग आहेत आणि मधूनच पिवळंधमक गंधक. छतावरून लोंबणारी, फांद्या फुटलेली पांढरी जिप्समची झुंबरं तू छायाचित्रांत पाहिली असशील. त्यांतली काही सहा मीटर लांब आहेत.

पण मला झुंबरांपेक्षा एका कुंडातल्या वाकड्यातिकड्या नळ्या जास्त भुरळ घालतात. अशा नळ्या एरवी हवेत वाढतात. पाण्याखाली वाढलेल्या त्या पहिल्यांदा लेचुगियात सापडल्या. कुंडातलं पाणी विरघळलेल्या कॅल्साइटनं, म्हणजे चुनखडीतल्या खनिजानं, आधीच काठोकाठ भरलेलं. त्यात जिप्समवरून आलेलं पाणी झिरपतं आणि सोबत जादा कॅल्शियम आणतं. कुंडातल्या पाण्याला तो भार पेलवत नाही. मग दोन्ही पाणी जिथं मिसळतात नेमकं तिथंच, नळीच्या टोकाशी, कॅल्साइट कणाकणानं बाहेर पडतं आणि नळी एखाद्या मुळासारखी खाली वाढत जाते. आता विचार कर, त्या पाण्यात कुणी नुसता घामेजला हात बुडवला तर?

आणि तिथले जिवाणू! हेझल बार्टन, गेरी राइट या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये जे प्रसिद्ध केलं ते वाचून मी कितीतरी वेळ गप्प बसलो होतो. गुहेच्या ज्या भागाचा चाळीस लाख वर्षांहून अधिक काळ बाहेरच्या जगाशी संबंध नव्हता, तिथल्या जिवाणूंवर त्यांनी आपली प्रतिजैविकं वापरून पाहिली. काही जिवाणू तब्बल १४ प्रतिजैविकांना पुरून उरले. ज्यांना माणूस ठाऊक नाही, दवाखाना ठाऊक नाही, त्यांच्याकडे हा प्रतिकार आधीपासूनच होता. प्रतिकारशक्तीची मुळं आपल्या औषधांहून फार जुनी आहेत, हे त्यातून इतकं स्वच्छ दिसलं. हा निष्कर्ष त्या जागेच्या एकांतावरच उभा आहे, अविनाश. रोज शंभर माणसं तिथं शिंकून गेली असती तर तो प्रतिकार गुहेचा की आपण नेलेला, हे कोण सांगणार होतं?

तू म्हणशील, नीट बांधलेल्या वाटेनं काय बिघडतं? त्याच उद्यानातली कार्ल्सबाडची मोठी गुहा मी पाहिली आहे. सुरेख राखली आहे, कर्मचारी जिवापाड जपतात. तरी दिव्यांजवळच्या दगडांवर हिरवं शेवाळ धरतं. माणसांच्या कपड्यांचे तंतू, केस, त्वचेचा कोंडा हे सगळं वाटेच्या कडेच्या दगडांवर साचत राहतं, करड्या मऊ थरासारखं. स्वयंसेवक गुडघ्यांवर बसून ब्रश आणि चिमट्यांनी ते वेचतात. कुणी मुद्दाम काही केलेलं नसतं. माणूस नुसता चालून गेला तरी एवढं मागे राहतं.

लेचुगियात म्हणूनच फक्त संशोधक, मोजणी करणारे आणि उद्यानाच्या कामापुरती माणसं जातात. खणलेल्या वाटेत हवाबंद दार आहे, आतली दमट हवा सुटून गुहा कोरडी पडू नये म्हणून. फिती लावून आखलेल्या वाटेबाहेर पाऊल टाकायचं नाही, जेवताना कण सांडू द्यायचा नाही, विष्ठासुद्धा पिशवीत भरून बाहेर आणायची. आठवडाभर जमिनीखाली मुक्काम करणाऱ्यांसाठी हे सोपं नाही. तरी त्यांच्या येण्याजाण्यानंही झीज होतेच, हे तुझं म्हणणं मला मान्य आहे. म्हणूनच संख्या कमी हवी, वाढवायला नको.

१९९३ मध्ये अमेरिकी काँग्रेसनं या गुहेसाठी स्वतंत्र कायदाच केला. उद्यानाच्या उत्तरेला तेल आणि वायूसाठी विहिरी खोदल्या जाण्याची शक्यता होती, आणि एखादी विहीर भुयारात घुसली असती तर वायू सगळीकडे पसरला असता. ज्या साठ्यांतल्या वायूनं ही गुहा घडवली, त्याच तेल-वायूच्या शोधापायी ती जाणार होती. तो कायदा करणाऱ्यांपैकी कितीजण आत उतरले असतील? तरीही त्यांनी ती वाचवली, आणि तुझ्या प्रश्नाला माझ्याकडे यापेक्षा चांगलं उत्तर नाही.

तुला भूगर्भ बघायचाच असेल तर कार्ल्सबाडला जरूर जा. लिफ्टनं उतरू नकोस, नैसर्गिक तोंडातून चालत खाली जा, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच. उन्हाळ्यात गेलास तर संध्याकाळी वटवाघळं बाहेर पडतात, तेव्हा थांब. आणि माझं पटलं नसेल तर तसंही लिही, पण कारणांसकट.

घरी सर्वांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत