रात्रीच्या जेवणाचं लिहिलं नाहीस

गोडोली, सातारा

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

तुझा तो लांबलचक मेसेज परवा मी आजीला मोठ्यानं वाचून दाखवला. तिनं तो परत वाचायला लावला. इस्त्री उलटी धरून तिच्यावर पापड भाजणारा तुझा नांदेडचा खोलीवाला, लोकलमध्ये रोजची जागा धरणारे आणि ज्याची गाडी चुकेल त्याला दुसऱ्या दिवशी डब्यात सगळ्यांना पेढे वाटायला लावणारे ते काका, गल्ल्यावर बसून मांजराशी गुजरातीत भांडणारा इराणी. आणि ती कोळीण! "घाटावरनं आलास का रं?" म्हणत तिनं तुला भर बाजारात बोंबील साफ करायला शिकवला, ते वाचताना तुझी मम्मी भांडी तशीच टाकून दारात येऊन उभी राहिली. आजी हसून हसून डोळे पुसत होती. म्हणाली, "अगदी आबांवर गेलाय."

तेव्हापासून ते वाक्य माझ्या डोक्यातनं जात नाही, म्हणून हे पत्र. फोनवर तू "हो पप्पा, जेवलो पप्पा" एवढंच बोलतोस.

मी तुझा मेसेज रात्री पुन्हा नीट वाचला. सकाळी दादर स्टेशनबाहेर वडापाव. त्याची माहितीही लिहिलीस, की १९६६ च्या सुमाराला अशोक वैद्यांनी तिथंच पहिल्यांदा वडा पावात घालून विकला. दुपारी ब्रून मस्का आणि चहा. मिसळ खाल्लीस ती तुला आवडली नाही, नुसतं फरसाण, कट नावालाच. हॉटेलात भाकरीचं बिल बघून गप्प बसलास. संध्याकाळी सातला भेळ. सगळं आहे, पण सातच्या पुढं काही नाही. रात्री काय जेवतोस?

असू दे. नोकरीचं सांग. साहेब नीट बोलतात का? ऑफिसच्या आवारात गिरणीची जुनी चिमणी अजून उभी आहे असं लिहिलंस, ते वाचून मला फार बरं वाटलं. आबांची गिरणी त्याच बाजूला होती. आधी कितीतरी दिवस ते बदली कामगार होते, गेटवर उभं राहायचं, नाव पुकारलं तर काम, नाहीतर परत. आज त्यांचा नातू गळ्यात कार्ड घालून त्याच रस्त्यानं रुबाबात आत जातो. मी पतसंस्थेत सगळ्यांना सांगितलं. परत परत सांगितलं म्हण.

आबांची पत्रं तुला कधी दाखवली नाहीत. निळी आंतरदेशीय पत्रं, बारीक अक्षर, कडेच्या पट्टीवरही मजकूर. लालबागला आपल्या गावचा गाळा होता. एका खोलीत तीस-पस्तीस माणसं, पाळीप्रमाणं झोपायची. एक कामाला उठला की रातपाळीचा त्याच्याच वळकटीवर आडवा. जेवण मावशींच्या खानावळीत, हिशेब पगाराला. अशा खानावळवाल्या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, त्यात या मावशीही होत्या. आबा त्या पंगतीचं काय वर्णन करायचे! खिशात मिठाची पुडी घेऊन जेवायला बसणारा जॉबर, म्हणजे गिरणीतला मुकादम. आपल्या चपात्या कुणी मोजू नयेत म्हणून भिंतीकडं तोंड करून जेवणारा पैलवान. रविवारच्या मटणाच्या वाटीत नळी कुणाला आली यावरून आठवडाभर न बोलणारे दोघे सख्खे भाऊ. पोस्टमन आला की आम्ही पोरं उंबऱ्यावर जमायचो.

मग १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या मागं अडीच लाख कामगार बाहेर पडले. मी सहावीत होतो. पत्रं येतच राहिली, उलट जास्तच गमतीची. पैलवानाचं नवीन काहीतरी, जॉबरचं नवीन काहीतरी. आम्हाला वाटायचं, मजेत आहेत.

मे महिन्यात आबा मेढ्याच्या स्टँडवर उतरले आणि मी त्यांना ओळखलं नाही. सदरा खांद्यावरनं ओघळत होता. आजीनं पिठलं-भाकरी केली. आबांनी एक भाकरी खाल्ली, दुसरीतला चतकोर मोडला, रुमालात गुंडाळला आणि खिशात घातला. घरात, स्वतःच्या चुलीपुढं बसून. आजीनं काहीच विचारलं नाही, फक्त तवा उतरवला. पुढं कितीतरी दिवस ती धुण्याला बसली की आबांच्या खिशातनं वाळलेले तुकडे निघायचे.

मागाहून कळलं की मावशींनी दोन महिने उधारीवर जेवू घातलं, मग त्यांचंच रेशन संपलं. पुढं कधी एक वेळ, कधी तीही नाही. आणि हे सगळं चाललं असताना आबा आम्हाला पैलवानाच्या गोष्टी लिहीत होते. संप तर कुणी मागं घेतलाच नाही. आबा पुन्हा गिरणीत गेले नाहीत.

म्हणून पोरा, तुझं पत्र वाचून सगळे हसले आणि मला झोप लागेना. तुझ्यावर तशी वेळ नाही हे मला समजतं. तुझा पगार होतो, खोली आहे, मित्र आहेत. पण रात्री साडेनऊला दमून आल्यावर चहा-बिस्किटावर झोपणं सोपं असतं, आणि त्या वयात तब्येत लगेच तक्रारही करत नाही. मग एक दिवस ॲसिडिटी, मग चक्कर. तुझ्या मोठ्या मामाचं काय झालं ते तू बघितलंस. डबा लाव. जवळ पोळीभाजी केंद्र असेल तर तिथनं दोन पोळ्या आण. पैसे वाचवायचे तर दुसरीकडं वाचव, पोटावर नको. आणि घरी पैसे पाठवायची घाई करू नकोस, तुला कुणी मागितलेत का? कर्जाचं मी बघतोय. तू ते मनात धरून ताटातलं कमी करत असशील तर मला ते अजिबात चालणार नाही.

बघ, बोलायला लागलो की हे असं होतं. राग मानू नकोस. तू आता कमावता आहेस, तुला समजतं.

शुक्रवारी शिंदेनाना भायखळ्याला मुलीकडं येतायत. त्यांच्याबरोबर ज्वारीचं पीठ, कांदा-लसूण मसाला, कारळ्याची चटणी आणि कोरेगावचा वाघ्या घेवडा पाठवतोय. घेवडा सकाळी जाताना भिजत घाल, रात्री कुकरला लाव, चार-पाच शिट्ट्या. कांदा परतून मसाला टाकला की झालं, दोघांना पुरतो. त्या नांदेडच्या पोराला भाकरी थापता येते का विचार. येत नसेल तर दोघांनी शिका. कंदी पेढे वेगळ्या पुड्यात बांधलेत, ते लोकलच्या काकांसाठी. तुझी गाडी कधीतरी चुकेलच. कोळणीलाही एक नेऊन दे, आजीनं मुद्दाम सांगितलंय.

नानांना फोन करून तू स्वतः जा, त्यांना जिने चढायला लावू नकोस. स्टीलचे डबे त्यांच्याबरोबरच परत पाठव.

आणि शनिवारी रात्री काय जेवलास ते लिही. गमतीचं नसलं तरी चालेल, नुसतं वरण-भात लिहिलंस तरी चालेल.

तुझा,
पप्पा

ता. क. मम्मी म्हणते, बोंबील कसा करतात ते त्या बाईंना नीट विचारून घे. दिवाळीत आलास की करून घाल.