डुलकी मोजता येते

महोदय,

द्रुतगती मार्गावरील अपघातांच्या बातम्यांत ‘चालकाला डुलकी लागल्याने’ हे शब्द वारंवार वाचनात येतात. मद्यपानाचा संशय आला तर पोलीस यंत्रात फुंकर मारायला लावतात. झोपेच्या बाबतीत मात्र चालकाच्या शब्दावरच विसंबावे लागते आणि तो शब्द किती कच्चा असतो, हे मी स्वानुभवाने सांगू शकतो.

चाकणच्या एका कारखान्यात मी बावीस वर्षे पाळीने काम केले आणि कोथरूडहून रोज स्वतः गाडी चालवत गेलो. घोरणे फार वाढले तेव्हा डॉक्टरांनी एपवर्थ प्रश्नावली भरायला दिली. मेलबर्नच्या डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या या प्रश्नावलीत आठ प्रसंग असतात, त्या प्रत्येक प्रसंगी डुलकी लागण्याच्या शक्यतेला ० ते ३ गुण द्यायचे असतात आणि बेरीज दहाच्या वर गेली की दिवसाची झोप प्रमाणाबाहेर आहे असे समजतात. माझी बेरीज ६ आली. शेजारी बसलेल्या पत्नीने तोच कागद माझ्या वतीने भरला, तेव्हा ती १५ झाली. (दुपारी आडवे पडल्यावर झोप लागेल का, या प्रश्नाला पुण्यात ३ गुण देणे हा आजार नव्हे, हे मी तेव्हाच डॉक्टरांच्या कानावर घातले.)

वाद मिटवला तो संगणकावरील सतर्कता चाचणीने. दहा मिनिटे पडद्याकडे पाहत बसायचे. दोन ते दहा सेकंदांच्या अनियमित अंतराने वेळ मोजणारे आकडे धावू लागतात आणि ते दिसताक्षणी कळ दाबायची. अर्ध्या सेकंदाहून अधिक उशीर झाला की ती चूक धरतात. सातव्या मिनिटाच्या सुमारास मला आकडा दिसला तो थेट २.४ सेकंदांवर गेलेला. यंत्र बिघडले असावे, असे मी परिचारिकेला म्हणालोही. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी तेवढ्या वेळात ५३ मीटर पुढे जाते. पुढे झोपेत श्वास अडकण्याचा विकार, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया, निघाला.

विकार नसलेल्यांचेही असेच होते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी प्रयोगात निरोगी माणसांना चौदा दिवस रोज सहाच तास झोपू दिले होते. त्यांची सतर्कता दिवसेंदिवस ढासळत गेली, पण आपण इतके मंदावलो आहोत हे त्यांच्या ध्यानात येत नव्हते.

आमच्या कारखान्यात बसचालकांची साखर, रक्तदाब आणि नजर दरवर्षी तपासली जाई. झोपेविषयी एक प्रश्नही विचारला जात नसे. मंद उजेडात चाळीस मिनिटे जागे राहण्याची, दिवसातून चार वेळा घ्यायची चाचणी अधिक कसोटीची असली तरी ती प्रत्येक आगारात घेणे शक्य नाही. सतर्कता चाचणीची तीन मिनिटांची आवृत्ती मात्र उपलब्ध आहे आणि ती पाळी सुरू होण्यापूर्वी सहज घेता येईल. सकाळी ताजेतवाने असताना घेतलेली चाचणी पहाटे चारची हमी देत नाही, म्हणून रात्रपाळीच्या चालकांची ती रात्रीच घ्यावी. तीत मागे पडणाऱ्याचा पगार कापला तर तो दोन कप कडक चहा घेऊन चाचणीला येईल. त्याला भरपगारी रजेवर उपचारासाठी पाठवावे आणि उपचारानंतर पुन्हा मोजावे. तीन महिने सीपॅप यंत्र (मुखवट्यातून दाबाने हवा देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारे) लावून झोपल्यावर माझ्या चुका १९ वरून ३ वर आल्या आहेत.

– एक निवृत्त कामगार, कोथरूड, पुणे